मागच्या सीटवरून

बोईसरला गाडीवाचून काही अडत नाही, असं आमच्या घरात बरीच वर्षं म्हटलं जायचं आणि ते खोटंही नव्हतं. एमआयडीसीत कामावर जायला माझी मोटारसायकल होती आणि मुंबईला जायला रेल्वे. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल विरारची हद्द ओलांडून डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा आता आणखी काय हवं असंच वाटलं होतं. बायको मनोरच्या अलीकडे एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तीही एसटी, जीप, शेअर रिक्षा असं करत घंटेच्या आधी शाळेत पोचायची.

अडायला लागलं ते आईच्या गुडघ्यांपासून. झीज इतकी झाली की स्टेशनचा पूल तिला चढवेना, आणि फलाटावरून डब्यात पाऊल टाकायचं तर दोघांनी धरावं लागे. आमच्या भागातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, मुख्यालय आलं, कचेऱ्या आल्या, पण दुखणं मोठं असलं की माणसं अजूनही एक तर वापी, वलसाड, सिल्वासा गाठतात, नाहीतर विरार ओलांडून मुंबईकडे जातात. दिवसा भाड्याची गाडी मिळते. रात्री मिळते तेव्हा समोरचा सांगेल तो भाव द्यावा लागतो, कारण घासाघीस करायला तोंड उरलेलं नसतं. अशा एका रात्रीनंतर बायको म्हणाली, "अहो, आता आपली गाडी घेऊ या. लहान घेऊ, पण घेऊ." तिने आधीच पतपेढीत चौकशी करून ठेवली होती.

सहा लाखांच्या आसपासची नवी हॅचबॅक, एवढं पहिल्या दिवशी ठरलं. या रकमेत गाड्या भरपूर आहेत. अल्टो के-१०, सेलेरिओ, वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, क्विड, ग्रँड आय-१० निऑस. कारखान्यात गाडीचा विषय काढला की जेवणाची सुट्टी पुरत नाही. एक जण मायलेज सांगतो, दुसरा पिकअप, तिसरा टचस्क्रीन किती इंचांचा ते. सगळे बोलतात ते चालवणाऱ्याच्या जागेवरून. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. गाडी बायको चालवणार. आई मागे बसणार, कारण पुढे बसलं की समोरून येणारा ट्रक बघून तिचा जीव वरखाली होतो. बारावीला असलेली लेक आजीजवळ बसणार. म्हणजे ज्या माणसांसाठी गाडी घ्यायची, त्यांतली दोन मागे. मग निवड मागच्या सीटवर बसूनच करायला हवी, हे मी मनाशी पक्कं केलं.

मागच्या सीटचं आणखी एक कारण आमच्याच जिल्ह्यात घडलं होतं. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल अपघातात गेले. गाडी मर्सिडीज होती. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेल्या या दोघांनी पट्टे लावले नव्हते. मागच्या प्रवाशाने पट्टा लावायचा नियम त्याआधीही कायद्यात होता, पण आमच्याकडे तो कोणाच्या गावीही नव्हता. कित्येक गाड्यांचे मागचे पट्टे सीटच्या फटीत कोंबलेले असायचे, वरून रेक्झिनचं कव्हर. तो पूल आम्ही महालक्ष्मीच्या यात्रेला जाताना कितीदा ओलांडलाय. लेक तेव्हा नववीत होती. तिने ती बातमी मनात धरून ठेवली होती, हे मला गाडीचा विषय निघाल्यावर कळलं.

गणपतीत बुकिंग करायचा बेत होता. पण १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करणार असं जाहीर केलं आणि सगळ्यांनी हात आखडता घेतला. एरवी गणपतीत शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते, त्या वर्षी विक्रेते दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर लागत होता, तो सगळा मिळून १८ टक्के झाला. अंमल २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेला. मध्ये पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी नवी वस्तू घेत नाही, त्यामुळे सगळ्यांनाच सक्तीची उसंत मिळाली. मला ती फार उपयोगी पडली. शोरूममध्ये गर्दी नव्हती, विक्रेत्याला घाई नव्हती, आणि आईला घेऊन निवांत फिरता आलं.

जाण्याआधी घरी एक काम केलं. आई कोणाचाही हात न धरता ज्या खुर्चीवरून उठू शकते, तिची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली. साधारण वीस इंच भरली. सोफ्यावरून तिला उठवत नाही, तो सोळा-सतरा इंचांचा आहे. मग टेप खिशात घालूनच प्रत्येक शोरूममध्ये गेलो. मागचं दार उघडायचं, सीटच्या कडेची जमिनीपासूनची उंची घ्यायची, दाराची चौकट डोक्याला किती जवळ येते ते बघायचं, दार काटकोनाच्या किती जवळ उघडतं ते बघायचं. आणि मग आईला बसवायचं. मायलेजच्या आकड्याइतकाच हा आकडाही माहितीपत्रकात छापायला हवा, असं मला तेव्हापासून वाटतं. गुडघे दुखणारी माणसं घरोघरी आहेत.

स्विफ्ट दिसायला सगळ्यांत देखणी. मे २०२४ मध्ये तिचं नवं रूप आलं, सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटना आल्या, आणि चालवायला ती किती हलकी आहे ते बायकोला पहिल्या वळणावरच कळलं. पण ती बसक्या बांध्याची गाडी आहे. तरुण माणसाला त्याचं काही वाटत नाही, आईला मात्र आत बसताना मान आणि कंबर एकदम वाकवावी लागली. निऑसमध्ये बसणं जरा सोपं गेलं. तिचं चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत इतकं शांत की चालू आहे की बंद ते कळेना. टियागोचा दरवाजा लावला की भरीव आवाज येतो आणि आत बसल्यावर गाडी मजबूत वाटते, पण सीट खोल. वॅगनआरमध्ये मात्र आई पाठमोरी उभी राहिली, मागे टेकली आणि बसली. वाकणं नाही, चढणं नाही. मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. उतरताना तिने माझा हात झिडकारला आणि स्वतःच उभी राहिली. शोरूममधला पोरगा विक्रमगडकडचा होता. तो म्हणाला, "आजी, आमच्याकडे सगळे आधी पुढे बसून स्टेअरिंग धरतात." आई म्हणाली, "मला कुठे चालवायचीय?"

इथे निवड संपायला हवी होती. पण लेकीने ग्लोबल एनसीएपीचे, म्हणजे गाड्यांच्या टक्कर-चाचणीचे, निकाल समोर ठेवले.

टियागोला २०२० मध्ये मोठ्या प्रवाशांसाठी चार तारे मिळालेले. निऑसला त्याच वर्षी दोन. वॅगनआरला एप्रिल २०२३ मध्ये एकच, आणि सांगाडा अस्थिर असा शेरा. त्याच वेळी अल्टो के-१० ला दोन. आता या आकड्यांची तुलना वाटते तितकी सरळ नाही. २०२२ च्या मध्यापासून चाचणीचे नियम कडक झाले, त्यामुळे टियागोचे चार तारे जुन्या फूटपट्टीचे आणि वॅगनआरचा एक नव्या. शिवाय ज्या वॅगनआरची टक्कर घेतली तिला दोनच एअरबॅग होत्या. २०२५ मध्ये तिला सहा आल्या, त्यांत खिडकीवरून खाली उघडणारे पडदेही आले, जे मागच्या माणसाचं डोकं वाचवतात. आम्ही पाहिली तेव्हा टियागोत दोनच होत्या, पुढच्या दोघांपुरत्या. म्हणजे एका गाडीचा सांगाडा चांगला पण मागे पडदा नाही, दुसरीत मागे पडदा आहे पण सांगाड्यावर शेरा. सहा लाखांत गाडी घेणाऱ्या माणसावर हा पेच यावा याचा मला आजही राग येतो. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी सुरू आहे, पण गाडी चाचणीला द्यायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. सगळ्यांत जास्त खपणाऱ्या, सगळ्यांत स्वस्त गाड्यांची चाचणी आधी सक्तीची करायला हवी. ज्याला पर्याय कमी, त्याला माहिती तरी पुरी मिळावी.

घरात दोन पक्ष पडले. लेक म्हणाली, "बाबा, एअरबॅग फुगायला आत जागा तरी उरली पाहिजे ना?" तिचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. बायकोचं म्हणणंही तितकंच वजनदार. ती म्हणाली, "टक्कर होईल की नाही कोणाला माहीत. गुडघे रोज दुखतात. आणि गाडी मी चालवणार आहे, साठच्या पुढे काटा नेणार नाही." सफाळ्याचे साडू फोनवरून सारखे सांगत होते, "भाऊ, डोळे मिटून वॅगनआर घ्या, उद्या विकायला गेलात तरी पैसे येतील." त्यांच्या सल्ल्यात तथ्य आहे. मारुतीचा मेकॅनिक मोखाड्यातही सापडतो आणि सुटा भाग आदल्या दिवशी सांगितला तर दुसऱ्या दिवशी येतो. पण मला फक्त विकायच्या दिवसाचा विचार करून गाडी घ्यायची नव्हती.

आम्ही आमचे रस्ते मोजले. गाडीचा निम्म्याहून जास्त वापर बोईसर ते पालघर, पालघर ते मनोर. गावांतून जाणारा रस्ता, गतिरोधक, गुरं, शाळेची मुलं, एमआयडीसीचे टँकर. तिथे चाळीस-पन्नासच्या वर कोणी जाऊच शकत नाही. अहमदाबाद महामार्ग लागतो तो दवाखान्याला जाताना आणि नातेवाइकांकडे जाताना, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. हे प्रमाण उलटं असतं, म्हणजे रोज चिल्हार फाट्याला चढून कंटेनरांच्या रांगेत शिरायचं असतं, तर मी लेकीच्या बाजूने उभा राहिलो असतो आणि आईला टियागोच्या सीटची सवय करायला लावली असती. तसं नव्हतं, म्हणून वॅगनआर ठरली. लेकीने दोन अटी घातल्या. मागचे पट्टे लावल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही, आणि रात्रीचा महामार्ग अगदी गरजेशिवाय नाही. बायकोने दोन्ही मान्य केल्या. पट्ट्यांची कुलपं सीटच्या फटीत जाणार नाहीत अशी कव्हरं शिवून घेतली. दुकानात तयार मिळणारी कव्हरं ती नेमकी झाकतात.

इंजिन कुठलं, हा प्रश्न वाघोबा खिंडीने सोडवला. शोरूमची ट्रायल म्हणजे समोरच्या रस्त्याने सरळ जायचं आणि पेट्रोल पंपावरून वळून यायचं. त्यात गाडीचं काहीच कळत नाही. मी त्या विक्रमगडच्या पोराला म्हटलं, आपण पाच जण बसू, एसी लावू आणि पालघर-मनोर रस्त्याने खिंड चढू. तो म्हणाला, "सर, ट्रायलचा रूट ठरलेला असतो." मग त्याने आत जाऊन विचारलं आणि परवानगी आणली. मनापासून मदत करणारा पोरगा होता तो. एक लिटरच्या इंजिनाने चढावर वळणापाशी गाडीचा जीव कमी पडतो, एसीसकट दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन तेच वळण तिसऱ्यावर घेतं. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. आमच्याकडचा कुठलाही ड्रायव्हर तिथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. बायकोनेही गाडी बाजूला घेतली, उतरून नमस्कार केला, आणि परत चढावरच गाडी सुरू करून बघितली. क्लच सोडताना गाडी मागे किती घसरते ते तिला पाहायचं होतं. नव्याने चालवायला लागलेल्या माणसाने ही एक गोष्ट ट्रायलमध्ये जरूर करावी. सपाटीवर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

१.२ चं इंजिन वॅगनआरमध्ये वरच्या झेडएक्सआय व्हेरियंटपासून मिळतं. फरक चाळीस-पंचेचाळीस हजारांचा. शिवाय विम्यात एक गोष्ट दडलेली असते जी कोणी आपणहून सांगत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो, आणि तो इंजिनाच्या आकारावर ठरतो. हजार सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, त्याच्या वर पंधराशेपर्यंत १०,६४०, अधिक कर. आम्ही तो फरक मान्य केला. खिंड वर्षानुवर्षं चढायची होती.

सीएनजीचं म्हणाल तर कारखान्यातले निम्मे लोक सीएनजीवालेच. गणित त्यांच्या बाजूने आहे, पण ते किती फिरता यावर आहे. तेव्हा पेट्रोल १०४ च्या आसपास होतं, सीएनजी ऐंशीच्या पुढे. लेकीने महिना हजार किलोमीटर धरून हिशेब केला, तेव्हा महिन्याला दोन-अडीच हजार वाचत होते. सीएनजी गाडीला वर लागणारे नव्वद-पंच्याण्णव हजार सव्वातीन वर्षांत वसूल झाले असते. पण बायको धरून शाळेच्या तिघी बाई आळीपाळीने आपापली गाडी काढणार, म्हणून आमचं फिरणं त्याच्या जेमतेम निम्मं. मग वसुलीला साडेसहा वर्षं. वॅगनआरची डिकी ३४१ लिटरची आहे, या किमतीत मोठीच. टाकी बसवली की आईचा वॉकर, घडीची खुर्ची आणि गावाहून येणारी तांदळाची गोण यांतलं एकच काही तरी मावतं. पंपावरची रांग ही वेगळीच गोष्ट, रात्री तातडीने निघायचं असताना ती परवडणारी नाही. सीएनजीला महाराष्ट्रात रस्ते कर कमी आहे हे खरं. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, सीएनजीला ७ होता, तो जुलै २०२५ पासून ८ झाला. तरी आम्ही पेट्रोलच घेतली. रोज पन्नास-साठ किलोमीटर करणाऱ्याने मात्र माझं ऐकू नये, त्याने डोळे झाकून सीएनजी घ्यावी.

किमतीबद्दल थोडं. सहा लाखांच्या गाडीवर २९ चे १८ टक्के झाले म्हणजे सुमारे एक्कावन्न हजार वाचले, आणि रस्ते कर त्या किमतीवरच लागत असल्याने आणखी साडेपाच हजार. आनंदच आहे. पण त्याच आठवड्यात एका बँकेच्या माणसाने पाच लाखांच्या कर्जाचे दोन कागद पुढे ठेवले. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता १०,३७९, सात वर्षांसाठी ८,०४५. "सर, सात वर्षं घ्या, जाणवणारच नाही." कागदावर बेरीज करून पाहिली. पाच वर्षांत व्याज एक लाख बावीस हजारांच्या थोडं वर, सात वर्षांत एक लाख पंच्याहत्तर हजारांच्या वर. म्हणजे सरकारने एका हाताने दिलेल्यातले त्रेपन्न हजार दोन वर्षांच्या लांबणीत दुसऱ्या हाताने परत. त्या नवरात्रात किती घरांनी हा हिशेब केला असेल, याची मला खरोखर काळजी वाटते, कारण माझ्यासमोर ज्या दोघा-तिघांनी सह्या केल्या त्यांनी हप्त्याचा आकडा बघितला आणि मुदत बघितलीच नाही. आम्ही पाच वर्षांचं घेतलं, त्यातही काही रक्कम बायकोच्या पतपेढीतून, आणि त्या पाच वर्षांपुरता घराच्या रंगकामाचा विचार बाजूला ठेवला.

एका शोरूममध्ये कोटेशनात हाताळणी खर्च म्हणून काही हजार लावलेले, आणि एक किट, ज्यात पायपुसणी, मडफ्लॅप आणि चावीचा गोंडा. विचारल्यावर म्हणाले, सगळेच घेतात. हात जोडून बाहेर पडलो. दुसरीकडे तेच न मागता काढून टाकलं. विमाही बाहेरून भाव घेऊन मग तिथे दाखवला, तेव्हा त्यांचा भाव खाली आला. यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, लाजायचंही नाही. आपण भाजी घेतानाही दोन ठिकाणी विचारतो.

रंग पांढरा घेतला. बोईसर-तारापूरला गाडी उघड्यावर लावणाऱ्याने रंग आवडीने निवडू नये असं माझं ठाम मत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होतं. तो आकडा इथे राहणाऱ्याला वर्तमानपत्रातून कळावा लागत नाही. सकाळी टपावर बोट फिरवलं की कळतो. काही रात्री काळी भुकटी असते, काही रात्री चिकट थर. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला चिंचणी-नवापूरकडून येणारा खारा वारा. गाडी गंजते ती खालून, आणि चिखल साठतो तिथून. तळाच्या कोटिंगचे शोरूमवाल्याने पाच-सहा हजार सांगितले. कोटिंग करून घेतलं, पण दाराच्या खालची पाणी निथळायची छिद्रं त्याने बुजवलेली नाहीत ना, ते वाकून एकेक बघितलं. पावसाळा संपला की तळ गोड्या पाण्याने जोरात धुवून घ्यायचा, हा सल्ला सातपाटीच्या एका टेम्पोवाल्याचा. मासे वाहून त्याची गाडी बारा वर्षं टिकली आहे, म्हणून त्याचं ऐकतो.

२२ सप्टेंबरला, पहिल्याच दिवशी, मारुतीने देशभरात तीस हजारांच्या आसपास गाड्या दिल्याची बातमी आली. आमची त्यांत नव्हती. दसरा गेला. आईला मुहूर्ताचं विचारलं तर म्हणाली, "गाडी आली की मुहूर्त." दिवाळीच्या आधी फोन आला, पण पैसे भरण्याआधी मी यार्डात जाऊन गाडी बघायची अट ठेवली होती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खप थांबल्यामुळे कित्येक गाड्या पावसात उभ्या होत्या. चासी नंबर उतरवून घेतला, तो विम्याच्या आणि नोंदणीच्या कागदावर तोच येतोय का हे नंतर जुळवलं. बनवल्याचा महिना पाहिला. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायरांवर ते जवळपासचे हवेत, स्टेपनीसुद्धा. बॅटरीवरची तारीख पाहिली, पायाखालचा गालिचा उचलून ओल आहे का ते हाताने चाचपलं. यार्डातल्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या, मग खुर्ची आणून दिली.

आता गाडीवर एमएच ४८ ची पाटी आहे आणि ती रोजची झाली आहे. बायको सकाळी दोघी बाईंना घेऊन खिंड चढते. भरलेल्या गाडीत, चढ-उतारात मायलेज सोळा-सतरा मिळतं, कंपनीच्या आकड्याहून बरंच कमी, पण त्याची कल्पना होती. आई दवाखान्याला जाते ती आता कोणाला न सांगता तयार होऊन बसते. एका संध्याकाळी ती कित्येक वर्षांनी केळव्याला शितलादेवीला गेली, दारातून स्वतः उतरली, देवळात जाऊन आली, आणि येताना लेकीने आठवण करण्याआधी स्वतः पट्टा लावला. महामार्गावर मात्र अजूनही लेक पुढे वाकून काटा बघते. ऐंशीला तिची सूचना येते. तिचा टियागोचा आग्रह पुरता मावळलेला नाही. तिच्या आग्रहाचा मला अभिमान आहे, तो मावळूही नये.

गेल्या आठवड्यात पाळी संपल्यावर प्लँटमधला एक धाकटा सहकारी थांबून बसला. त्याची बदली कंपनीच्या वसईच्या गोदामात झाली आहे, रोज बोईसरहून महामार्गाने जाणं-येणं. घरी बायको, लहान मूल आणि धडधाकट वडील. माझी गाडी बघून त्याने वॅगनआरच ठरवली होती. मी त्याला टियागो बघायला सांगितलं, तीही सीएनजी, तिच्या दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसतात म्हणून सामानाला थोडी जागा उरते. मुलाची सीट बसवायची हुकं मागे कुठे आहेत ते स्वतः हात घालून बघ, पाच वर्षांच्या वर हप्ता नेऊ नकोस, आणि जमलं तर थोडे पैसे साठवून, पडदे एअरबॅग असलेल्या गाडीपर्यंत जा, असंही म्हटलं. रविवारी तो वडिलांना घेऊन जाणार आहे. वडिलांना मागे बसव आणि ट्रायलला थेट महामार्गावर चढ, मनोरच्या मस्तान नाक्यापर्यंत जाऊन ये, असं सांगितलंय. शोरूममधल्या त्या विक्रमगडच्या पोराचा नंबरही दिलाय. तो आता दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये आहे, पण लांबच्या ट्रायलला तो नाही म्हणणार नाही.